शेड आहे, वस्ताद आहेत, पोरं पण आहेत... जुन्या गाड्यांचं काम शिकवायला सामाईक वर्कशॉप कसं चालवायचं?

शेडवाला_कोल्हापूर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचक आहे, आज पहिल्यांदा लिहितोय आणि जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

उद्यमनगरात माझं छोटं मशीनशॉप आहे, दोन सीएनसी, जॉबवर्क, सहा माणसं. मागच्या अंगाला वडिलांची जुनी शेड आहे, तीस बाय चाळीस, पत्र्याची. वडील गेल्यापासून तिथं भंगार आणि वस्ताद एवढंच. वस्ताद म्हणजे वडिलांबरोबरचे पत्राकामवाले, वय ७१, तेराव्या वर्षी हातोडी धरली ती अजून खाली ठेवली नाही. कुणाची जुनी फियाट, कुणाची विलीज जीप, असं एखादं काम येतं आणि ते रमतगमत करत बसतात, मी भाडं घेत नाही, त्यांनी कधी विचारलं पण नाही. हल्ली उजवा हात थरथरतो त्यांचा. चहाची बशी धरली की थरथरतो आणि हातोडी धरली की थांबतो, हे मी स्वतः बघितलंय.

मागच्या महिन्यात एक अँबॅसिडरचं मडगार्ड आलं होतं. मला वाटलं झालं काम, गुळगुळीत दिसत होतं. वस्तादांनी जुन्या धोतराचा तुकडा तळव्याखाली घेतला, मडगार्डवरनं लांब हात फिरवला, बघत होते भलतीकडंच, दाराकडं, आणि खडूनं तीन गोल काढले. मी हात फिरवला, मला काही लागेना. मग म्हणाले कानस मार. कानस मारली तर सगळीकडं पत्रा चमकला आणि बरोबर त्या तीन गोलांत काळाच राहिला, म्हणजे तिथं खड्डा. मी दिवसभर मायक्रॉनमध्ये बोलणारा माणूस, माझ्या हाताला कळलं नाही ते त्यांना चिंधीतनं कळलं. त्या रात्री डोक्यात आलं की हे गेले की हे पण गेलं.

तर बेत असा आहे. एक पेंटरमित्र आहे, एक इंजिनवाला आहे, दोघांना स्वतःची जागा परवडत नाही. दोघांनी शेड वापरायची, भाड्याऐवजी शनिवार-रविवार पाच-सहा पोरांना शिकवायचं, पत्राकाम वस्ताद शिकवतील. पोरांना आवड नाही असं अजिबात नाही बरं का, दसऱ्याला राजवाड्यातली जुनी मेबॅक गाडी दसरा चौकात येते तेव्हा मोबाइल वर करून निम्मं कोल्हापूर उभं असतं, आणि चार पोरं तर आत्ताच शेडच्या दारात येऊन बघत उभी असतात. पण आवड असणं आणि रविवारी सकाळी येऊन चार तास पत्रा ठोकणं यात फरक आहे.

अडचणी अशा की तिघांची हत्यारं एका शेडमध्ये, कुणाचं काय ते कसं ठरवायचं? पोरांना शिकायला गाडी कुठली द्यायची? काही लागलं खुपलं तर जबाबदार कोण? आणि सगळ्यात मोठं, वस्ताद शिकवत नाहीत हो, ते म्हणतात "बघ". मी विचारलं किती जोरात मारायचं, तर म्हणाले, "पत्रा सांगतोय की." आता हे पोरांना कसं द्यायचं? कुणी असं काही केलं असेल तर खरं खरं सांगा, चांगलं वाईट दोन्ही.

रांगडा_मिस्त्री

लै भारी इचार हाय भावा. पण एक सांगतो, फुकाट शिकिवलास तर कुत्रं येणार न्हाई. आलं तर तिसऱ्या रईवारी गायब. थोडी तरी फी घे, पन्नास रुपयं घे, पण घे. आणि वस्तादांचा चहा-नाष्टा सोडून त्यांच्या हातात काहीतरी पैसं ठेव, माणूस मागत न्हाई म्हणून त्याला नको असतंय असं न्हाई.

काळीपिवळी_कुर्ला

शेडवाले, तुमचं धोतराच्या तुकड्याचं वाचून वडील आठवले. आमचं गॅरेज कुर्ल्यातच, जिथे प्रीमियरचा कारखाना होता त्याच्याच आसपास, चाळीस वर्षं नुसत्या पद्मिनी टॅक्सी. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला पासिंग झाली होती आणि मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मुदत, त्यामुळे ऑक्टोबर २०२३ संपता संपता रस्त्यावरून काळीपिवळी पद्मिनी गेली. पेपरात फोटो आले, लोक हळहळले, आणि आमच्याकडे काय झालं तर पुढच्या काही महिन्यांत दरवाजे, बॉनेट, डिकी सगळं किलोवर गेलं. मी डोळ्यांनी बघितलंय चांगला पत्रा किलोवर जाताना.

हे सांगायचं कारण, तुमचा गाडी कुठली द्यायची हा प्रश्न. गाडी देऊच नका. दरवाजा द्या. प्रत्येक पोराला एक भंगारातला दरवाजा, त्याच्या नावाचा. दरवाजात सगळं आहे बघा. बाहेरचा पत्रा मोठा आणि जरासा फुगीर, त्यावर हातोडी आणि डॉली (पत्र्याच्या मागे धरायचा लोखंडी ठोकळा) शिकता येते. खालची कड हमखास सडलेली, तिथे कापून नवीन पट्टी वळवून वेल्डिंग शिकता येतं. आत काच वर-खाली करायची मशीन, कुलूप, रबर, ते उघडून परत बसवायचं म्हणजे नीट खोलायची सवय लागते. शेवटी रंग. आणि बिघडला तर बिघडला, कुणाच्या आजोबांची आठवण नाही ती. अख्खी गाडी दिली की सहा पोरं सहा बाजूंनी खोलतात, आठवड्यात डब्यात नट पडलेले असतात आणि कुठला नट कुठला ते कुणालाच माहीत नसतं. अशा किती गाड्या ताडपत्रीखाली सडतायत ते सांगायला नको.

माझ्याकडे पद्मिनीचे चार-पाच दरवाजे उरलेत. मेसेज करा, ट्रान्सपोर्टचे पैसे द्या, दोन पाठवतो.

आणि "पत्रा सांगतो" यात वस्ताद काही गूढ बोलत नाहीयेत. डॉली मागे बरोबर बसली असेल तर हातोडीचा आवाज टणक येतो, बसली नसेल तर बद्द येतो. पोरांना पहिला रविवार नुसता आवाज ऐकायला लावा. वडील मला पाठ करून उभा करायचे आणि विचारायचे, लागली का नाही लागली, चुकलो की टप्पल.

पुणेरी_पाना

उत्साहावर पाणी ओतायचा हेतू नाही, पण हे मी करून बसलोय आणि आठ महिन्यांत बंद करून बसलोय, त्यामुळे लिहितो.

आम्ही तिघे होतो, शेड सामाईक, वीज समान वाटून, पोरं चार. पहिली भांडणं पोरांवरून झालीच नाहीत, पान्यांवरून झाली. जुन्या गाड्यांच्या कामात एक पान्यांचा सेट पुरत नाही हे नवीन लोकांना माहीत नसतं. फियाटला मिलिमीटरचे पाने, अँबॅसिडरला इंचाचे, आणि दुसऱ्या महायुद्धाआधीची इंग्लिश गाडी आली की व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या इंग्लिश मापाचे पाने, ज्याच्या पान्यावर लिहिलेला आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, डोक्याच्या मापाचा नाही. पोरगं घाईत जवळपास बसणारा पाना लावतं आणि साठ वर्षं टिकलेल्या बोल्टचं डोकं पाच सेकंदांत गोल करतं. मग तो बोल्ट शोधायला बुधवारी जुन्या बाजारात जा, नाही मिळाला तर रविवारी परत जा, तिथेही नाही म्हणून नाना पेठेत चार दुकानं पालथी घाल. ते करणार कोण, तर मी. आणि माझा व्हिटवर्थचा अर्धा सेट आमच्या पार्टनरने कुणाला तरी उसना दिला तो आजतागायत आलेला नाही.

उपाय साधा होता पण आम्हाला उशिरा सुचला. भिंतीवर प्लायवूड, त्यावर प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा रंगाने काढलेली, तिघांचे तीन रंग, आणि संध्याकाळी भिंत भरल्याशिवाय कुलूप नाही. पोरांसाठी वेगळी पेटी, तुमच्या पेटीला त्यांनी हात लावायचा नाही. कठोर वाटेल पण करा.

दुसरं, मोडलं ते ज्यावरून. गिऱ्हाइकाची स्टँडर्ड हेरल्ड होती. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, हेरल्डचं बॉनेट म्हणजे मडगार्डांसकट पुढचं सगळं तोंड एका तुकड्यात उचललं जातं, एवढा मोठा पत्रा. एका पोराने वेल्ड साफ करायला ग्राइंडर घेतला आणि एकाच जागी धरून ठेवला. पत्रा निळा पडला. त्याला वाटलं छान चमकलं. दुसऱ्या दिवशी तिथे अंगठ्याने दाबलं की टक्, सोडलं की टक्, तेलाच्या डब्याचं झाकण वाजतं तसं. पत्रा तापून ताणला गेला होता. तो परत आवळायचा म्हणजे बोटभर जागा लाल करायची, हलके ठोके द्यायचे, ओल्या फडक्याने थंड करायची, परत शेजारी, असं इंचाइंचाने, आणि ते आमच्यात कुणालाच धड येत नव्हतं. गिऱ्हाईक चिडलं, बरोबरच होतं त्याचं. पार्टनर म्हणाला पोरगा तुझा, मी म्हणालो गिऱ्हाईक तुझं. त्या पोराने परत तोंड दाखवलं नाही, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं, कारण चौघांत हात त्याचाच चांगला होता.

म्हणून वरच्या कुर्लेकरांशी शंभर टक्के सहमत. गिऱ्हाइकाची गाडी आणि शिकणारं पोर, मधे खडूने रेघ मारा. शब्दशः मारा, जमिनीवर.

आणि एक नावडता प्रश्न विचारतो. शिकून पोरं जाणार कुठे? सगळ्या महाराष्ट्रात मिळून जुन्या गाड्यांचं काम किती, आणि त्यातलं पैसे देऊन करून घेणारे किती?

निदेशक_नाशिक

आयटीआयमध्ये शिकवतो त्यामुळे थोडं कंटाळवाणं पण गरजेचं बोलतो.

वय. चौदाच्या आतल्या मुलाला कामावर ठेवताच येत नाही आणि २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा ते अठरा वयाच्या मुलांना धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही. तुम्ही म्हणाल हे काम नाही, शिकवणी आहे. अपघात झाल्यावर हा मुद्दा मांडत बसायची वेळ येऊ देऊ नका, सरळ अठरा पूर्णच घ्या. तुमच्याकडे सहा माणसं आहेत म्हणता, तर अप्रेंटिस घ्यायचा रस्ताही बघा, चार ते एकोणतीस माणसांच्या आस्थापनेला ते ऐच्छिक आहे, तीसच्या पुढे सक्तीचं. पण मग विद्यावेतन द्यावं लागतं, करार नोंदवावा लागतो, रविवारच्या वर्गाला ते कदाचित जड होईल. निदान प्रत्येकाचा अपघात विमा काढा, फीमध्येच घाला.

धोके. लोक गॅस सिलिंडरला घाबरतात आणि ज्याला घाबरायला हवं त्याला घाबरत नाहीत. जुन्या ब्रेक शूमध्ये ॲस्बेस्टॉस असतं, आणि ड्रम उघडला की आतली धूळ कॉम्प्रेसरने उडवायची सवय प्रत्येक गॅरेजमध्ये आहे. ती पहिल्या दिवशी बंद करा, पाण्याने भिजवून फडक्याने पुसायची. दुसरं, पेंटरमित्र टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा रंग मारणार असतील तर त्यातल्या हार्डनरमधलं आयसोसायनेट साध्या मास्कने अडत नाही, बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो, आणि त्या वेळी शेडमध्ये दुसरं कोणीही नको. पेट्रोलच्या रिकाम्या टाकीला वेल्डिंग हा विषय पोरांना शिकवूच नका, रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट, आत वाफ असते. आणि गाडीखाली जायचं तर जॅकवर नाही, घोडीवर, म्हणजे पक्क्या स्टँडवर. चारही.

वस्ताद पत्र्याच्या खड्ड्यात शिसं वितळवून भरतात का? भरत असतील तर हात धुतल्याशिवाय चहा नाही, आणि भरलेलं शिसं ग्राइंडरने घासायचं नाही, फक्त कानस.

पुणेरी_पाना यांच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर, आमच्याकडची शीट मेटलची आणि वेल्डरची पोरं बाहेर पडतात तेव्हा त्यांना रेघ मारलेला सरळ पत्रा वाकवता येतो, दोन्हीकडून गोलाई असलेला येत नाही. शोरूमच्या वर्कशॉपात गेली तर मडगार्ड चेपलं की बदला, एवढंच शिकतात. ज्याला पत्रा मागून पुढे आणता येतो त्याला जुन्या गाड्याच करायला हव्यात असं कुठे आहे? बसचं काम आहे, हॉटेलच्या किचनचं स्टीलचं काम आहे.

शेडवाला_कोल्हापूर

बापरे, एवढं येईल वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. कुर्लेकर, मेसेज केलाय.

शिसं भरतात हो वस्ताद, आणि तेच तर मला पोरांना दाखवायचंय. लांबी (पुट्टी) थापणारे गल्लोगल्ली आहेत, शिसं भरणारं माझ्या माहितीत दुसरं कुणी नाही इकडं. सत्तर भाग शिसं, तीस भाग कथील. १८३ अंशाला मऊ पडायला लागतं आणि अडीचशेच्या पुढं गेलं की पाणी होऊन खाली, या दोन्हीच्या मधल्या टापूत ते लोण्यासारखं राहतं आणि तेवढ्यात लाकडाच्या पट्टीनं थापून घ्यायचं. पट्टीला मेण लावतात, म्हणजे चिकटत नाही. वस्तादांना यातला एकही आकडा माहीत नाही, मी वाचून काढले. ते ज्योत जवळ नेतात, लांब नेतात, जवळ, लांब, आणि शिशाची चकाकी जाऊन ते जरा मंद दिसलं की पट्टी टेकवतात. मी आकडे सांगितले तर म्हणाले, "बरं झालं लिहून ठेवलास, मला विसरायला नको." चेष्टा करत होते बहुतेक.

रंग आणि इंजिन एका शेडमध्ये नको हे पटलं. रंग फक्त सोमवारी, त्या दिवशी पोरं नाहीत.

चकचकीत_बंपर

सगळं ठीक पण पोरांना ओरिजिनल गाडीत इंटरेस्ट नसतो ओ, त्यांना अलॉय व्हील, एलईडी आणि मोठा सायलेन्सर पाहिजे. माझ्या भाच्याला फियाट दाखवली तर म्हणतो मामा यात टर्बो बसेल का.

काळीपिवळी_कुर्ला

@चकचकीत_बंपर बसेल, आणि दुसऱ्या दिवशी गिअरबॉक्स रस्त्यावर बसेल. १०८९ सीसीचं इंजिन आहे ते, त्याला सुखाने जगू द्या.

चेष्टा सोडा, यावर नियमच दाखवायचा पोरांना. २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचा नियम आणला. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं पूर्ण झालेली, धंद्यासाठी न वापरलेली, मूळ रूपात ठेवलेली गाडी. नवीन नोंदणीला वीस हजार, दहा वर्षांनी परत करायला पाच हजार, नंबरप्लेटवर व्हीए अक्षरं. चॅसी, बॉडी, इंजिन यात मोठा बदल केला असेल तर ती त्यात बसत नाही. म्हणजे टर्बो बसवला की गाडी व्हिंटेज राहिलीच नाही, नुसती जुनी राहिली. अर्थात व्हीए नंबर घेतला की रोज भाजी आणायला पण नेता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच, हेही गिऱ्हाइकाला आधीच सांगा नाहीतर नंतर तुमच्या नावाने ओरडतो.

भाच्याला एक बल्ब द्या. मस्करी नाही. फियाट असो वा अँबॅसिडर, डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगला ठिणगी वाटून देणारा भाग) बारीक वायरच्या टोकापासून बॉडीपर्यंत बारा व्होल्टचा बल्ब जोडायचा, चावी ऑन, इंजिन हाताने हळूहळू फिरवायचं. डिस्ट्रिब्युटरमधला पॉइंट, म्हणजे उघडमीट करणारा संपर्क, मिटलेला असेपर्यंत बल्ब विझलेला, पॉइंट उघडला त्या क्षणी पेटतो. पुलीवरची खूण आणि बल्ब पेटणं एकाच वेळी आलं की ठिणगीचं टायमिंग बरोबर. ना स्कॅनर ना लॅपटॉप. माझ्या पोराला, वय वीस, मोबाइलशिवाय पाच मिनिटं न बसणारा, हे दाखवलं आणि दोन तास तो डिस्ट्रिब्युटर फिरवत बसला होता, मागे, पुढे, पेटला, विझला. इंजिन आत काय करतंय ते डोळ्याला दिसतं ना त्यात.

पाना_परदेशी

मी इंग्लंडमध्ये असतो, मूळचा साताऱ्याचा. इथे बिस्टरला जुन्या विमानतळावर, म्हणजे आधी हवाई दलाचा तळ होता, जुन्या गाड्यांची कामं करणारी लहान लहान वर्कशॉप एकाच आवारात आहेत आणि तिथेच पोरांना हे काम शिकवणारी ॲकॅडमी पण आहे. पोरगं कुठल्यातरी वर्कशॉपात नोकरीला असतं, पगार घेतं, आणि मधून मधून आठवडाभर ॲकॅडमीत जातं. पैसा आहे, सरकारी योजना आहे, तुलना करत नाही. पण मालक लोक एक गोष्ट सारखी बोलतात ती सांगतो, शिकवणारा म्हातारा आणि शिकणारं पोर यांच्यामध्ये तिशी-चाळिशीचा एक माणूस लागतो. म्हाताऱ्याला बोलता येत नाही आणि पोराला विचारता येत नाही. शेडवाले, तो माणूस तुम्हीच दिसताय. तुम्ही आकडे काढलेत ना शिशाचे, तेच काम.

रांगडा_मिस्त्री

ह्ये बरोबर बोललं बगा. वस्तादाला प्रश्न इचारायचा नसतोय, चुकीचं करून दाखवायचं असतंय. चुकीचं केलं की आपोआप बोलतंय म्हातारं.

इचलकरंजी_१९

नमस्कार, वय १९, इचलकरंजीची आहे, वेल्डरचा आयटीआय झालाय. बाबा लूम दुरुस्त करतात, घरी हत्यारांची सवय आहे. मला यायचंय. तीन प्रश्न. एक, मुली चालतील का? दोन, शेडमध्ये संडास आहे का? हे आधी विचारते कारण याआधी एका ठिकाणी शिकायला जात होते ते यामुळेच सोडावं लागलं, सोडलं तेव्हा आवड नाही म्हणाले मला. तीन, सहा वाजता सुटलं तरच शेवटची धड एसटी मिळते, "जरा थांब एवढं झालं की जा" असं होणार असेल तर नाही जमणार.

शेडवाला_कोल्हापूर

@इचलकरंजी_१९ एक, हो. दोन, खरं सांगतो, आहे पण असा की मी पण जात नाही. पुढच्या मशीनशॉपचा चांगला आहे, मधलं दार मी रविवारी उघडं ठेवीन, आणि मागचा दुरुस्त करून घेतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तीन, साडेपाचला हत्यारं भिंतीवर, सहाला कुलूप. पुणेरी_पाना यांची भिंत तयार आहे, चार रंग, चौथा पोरांचा.

पुणेरी_पाना

भिंतीचा फोटो टाका. आणि व्हिटवर्थचा सेट घेणार असाल तर मला सांगा, माझा अर्धा पडून आहे, दुसरा अर्धा मिळाला की तुमचा.

शेडवाला_कोल्हापूर

महिन्याभरानं लिहितोय. चार रविवार झाले. सहा जण आले, आता पाच आहेत, फी महिना तीनशे, त्यात विमा, वरचे सगळे वस्तादांना. पहिल्यांदा पाकीट दिलं तर घेईनात, "काय चाललंय ह्ये" म्हणाले, मग खिशात घातलं आणि दुसऱ्या रविवारी पाऊण तास आधी येऊन बसले होते.

कुर्लेकरांचे दोन दरवाजे आले, दोन इथल्याच भंगारात मिळाले. पाचवा कमी पडत होता तर वस्ताद काही न बोलता माळ्यावर चढले (मी नको नको म्हणतोय) आणि पोत्यात गुंडाळलेला एक दरवाजा खाली दिला. डुक्कर फियाटचा (पद्मिनीच्या आधीची जुनी फियाट), पुढचा. किती वर्षं जपून ठेवला होता कुणास ठाऊक. तो चिठ्ठी काढून इचलकरंजीच्या पोरीला गेला.

काल दरवाजे टांगायला अँगलच्या फ्रेम करायच्या होत्या, म्हणजे खरंच उघडतो-मिटतो का ते बघता येईल. तिघं मिळून डुकराच्या दरवाजाची फ्रेम करत होते, मापं घेतली, वेल्डिंगचे टाके मारले, बिजागरीचा खांब पुढच्या बाजूला उभा केला, बाकीच्या चार दरवाजांसारखा. वस्ताद समोर स्टुलावर बसून सगळं बघत होते. दीड तास. चहा पण संपला. एक शब्द नाही.

मग तीच पोरगी थांबली आणि म्हणाली, हँडलचं भोक पुढच्या कडेला का आहे? दोघं म्हणाले कुणीतरी चुकीचं पाडलं असेल. ती खाली वाकून मागच्या कडेला हात फिरवत बसली, तर तिथं रंगाखाली बिजागरीच्या स्क्रूची भोकं बुजलेली. वस्ताद उठले, धोतर झटकलं, आणि म्हणाले, "हां. ह्यो उलटा उघडतोय." म्हणजे त्या गाडीचा पुढचा दरवाजा मागच्या बाजूला बिजागरी, पुढनं उघडणारा. मी विचारलं, वस्ताद दीड तास माहीत होतं तर बोलला का नाही. म्हणाले, "इचारलं कुठं कुणी?"

फ्रेम परत कापली. सहाला पाच मिनिटं कमी असताना कुलूप लावलं, एसटी मिळाली.

तर आता काम असं, त्या दरवाजाच्या दोनपैकी एकच बिजागरी पोत्यात निघाली, खालची. डाव्या पुढच्या दरवाजाची वरची बिजागरी कुणाकडं पडली असेल तर सांगा, गंजलेली चालेल, पिन गेलेली चालेल, पिन मी लेथवर काढतो.